नववं घड्याळ

“बायलमाणसाक घड्याळ कित्याक व्हया गो? कोंबो आरवता, भोंगो वाजता, तितक्या पुरे.”

साठ वर्षांपूर्वीचा हा आवाज माझ्या आजेसासूबाईंचा. मी त्यांना पाहिलं नाही, पण आई, म्हणजे माझ्या सासूबाई सावित्री, तो हुबेहूब काढून दाखवतात. काढला की डावं मनगट चोळतात.

मामंजी काशिनाथ बोटीवर स्टुअर्ड होते. त्यांच्या मागे मऊ फडक्यात गुंडाळलेली अकरा स्विस मनगटी घड्याळं राहिली. मालवणात सगळे त्यांना ‘काशिनाथाची घड्याळां’ म्हणत. पाहायला माणसं येत, आई चहा ठेवत आणि दाराआड उभ्या राहत.

या मे महिन्यात मुंबईहून गंधार आला. दुर्मिळ घड्याळं जमवणाऱ्यांवर तो पुस्तक करत होता. डोळ्याला भिंग लावून एकेक बघता बघता नवव्यापाशी थबकला. त्याची काळी तबकडी आता आमसुलासारखी तपकिरी झाली होती. असा रंग कारखान्यात मिळत नाही, तो म्हणाला, वर्षानुवर्षांचं ऊन लागतं. जाणकार अशा तबकडीसाठी जग धुंडाळतात. माझा नवरा सुदेश लगेच म्हणाला, बाबांनी वीस वर्षं डेकवर घातलं ना. गंधारने ते लिहून घेतलं आणि संमतीचा कागद पुढे केला.

चष्मा हाताशी नव्हता, म्हणून आईंनी तो मला वाचायला सांगितला. ‘माझे दिवंगत पती काशिनाथ यांनी जमवलेला संग्रह.’ पुस्तकात हेच छापलं जाणार होतं.

त्यांनी पेन उचललं नाही.

“सही कर गो आये,” सुदेश हसला. “लगनाक सुदीक इतको विचार करूक नाय तुया.”

आई उठल्या, पुढच्या अंगणात, खळ्यात गेल्या. तिथे चटयांवर कोकमाची सोलं सुकत होती. एकेक परतत त्या गुणगुणू लागल्या. बारा उन्हाळे मी ते ऐकत आले होते. ओवीची चाल, आणि शब्दांच्या जागी नुसते आकडे:

सात गो सात, सातामागे नऊ,
नवाच्या कडेक शून्य, मगे तीन…

म्हातारपणाचा चाळा, असं मी समजत होते. गंधारने मात्र मान वर केली. पहिलं घड्याळ उलटं करून त्याने पट्टा सोडवला, खाली कोरलेला नंबर पाहिला. मग दुसरं. मग तिसरं. ओवी पुढे जात होती आणि त्याचं बोट तिच्यामागून; आकडे तेच, त्याच क्रमाने. नवव्यापाशी त्याने वही मिटली.

सुदेशने विचारलं, ह्या पाठ कधी केलंस?  आईंनी आत येऊन पदराला हात पुसले आणि नववं घड्याळ मनगटावर बांधलं. पट्ट्याला दाभणाने पाडलेलं एक जास्तीचं भोक होतं, बारीक हातासाठी. ते बरोबर बसलं.

गंधारने कागद हळूच मागे ओढला. आई त्याच्याकडे नाही, मुलाकडे बघत होत्या.

“ह्या घड्याळ बोटीर एक दिस गेला नाय. सासू शेजाराक गेली की मी हातात घालून सोलां परती. ह्यो रंग माझ्या खळ्यातल्या उन्हाचो. तुझ्या बापाशीन आणल्यान, पण खयचा आणूचा ता घड्याळांच्या पुस्तकात बघून मी लिवन धाडलंय. अकराय. ही घड्याळां माझी. माझा नाव घालूक सांग.”