राहनाळच्या चार्जिंगवर धवळा

भूपेशच्या विजेच्या तीनचाकी टेम्पोत त्या दुपारी चार टक्के चार्ज उरला होता आणि मागे गोधडीवर ठकीआजी बसली होती. ठकीआजी म्हणजे धवलारीण. तिने धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, धरल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि आज अंबाडीला भूपेशच्या बहिणीची, दिशाची हळद होती. "आजीला मी आणतो, माझ्या गाडीतून," अशी फुशारकी त्यानेच मारली होती. तेव्हापासून डिझेल टेम्पोवाले अनंतामामा सारखे फोन करत होते, "भाच्या, कुठवर ढकललीस?"

अंबाडी गाठायला चाळीस टक्के तरी हवे होते. म्हणून तो राहनाळच्या नव्या सार्वजनिक चार्जिंगवर शिरला. मशीनं दोन होती. त्यातलं एक उद्घाटनाचा नारळ फुटल्यापासून गप्प होतं. देखरेखीला गावातली हौसाबाई होती. तिने वीस वर्षं गावच्या नळावरची रांग सांभाळली होती, म्हणून इथेही तिने नळाचाच कायदा लावला होता : माणशी दोन हंडे. दोन हंडे म्हणजे वीस मिनिटं. मग वायर काढायची आणि हवं तर पुन्हा रांगेत लागायचं. त्यामुळे कोणाचीच गाडी भरत नसे, तीच ती माणसं सकाळपासून गोल फिरत राहत, आणि हौसाबाईला वाटे, चार्जिंग काय जोरात चाललंय.

"मावशी, घरात लगीन हाय. जरा जास्त भरू दे," भूपेश म्हणाला.

"लगीन नसलेला एक तरी येतो का इथं? या सुभाषचं तर गेल्या आठवड्यात तीनदा झालं."

"दोनदा," मागचा रिक्षावाला सुभाष म्हणाला. "तिसरा साखरपुडा होता."

"माझ्याकडं पुरावा हाय," भूपेशने मागे बोट दाखवलं. "ही धवलारीण."

"कशावरनं? म्हातारी तर माझ्या घरी पन हाय."

इतका वेळ तंबाखू चघळत बसलेली ठकीआजी खाली उतरली. "गाऊन दावते. पन मधी थांबवायचं न्हाय. धवळा जो तोडंल, त्याच्या घरात सात वर्षं लगीन न्हाय."

भूपेशचा नंबर आला, वायर लागली आणि आजीने सूर लावला. धवळ्यात आधी देवांना आवतण असतं. आजी गावागावाचे देव बोलवू लागली, तेही घाई न करता, वाटेतल्या ओढ्यांसकट. वीस मिनिटं झाली, तरी देव टेमघरच्या पुढे सरकले नव्हते. हौसाबाईचा हात वायरकडे गेला. आजीने नुसती भुवई वर केली. हात तिथूनच वळला आणि पदर सारखा करू लागला.

"मावशी, टाइम झाला," सुभाष कुजबुजला.

"गप ऱ्हा. माझे दोन पोरगे बिनलग्नाचे हायेत."

शेजारच्या गोदामातले हमाल बाहेर आले. "यहाँ किसकी शादी है?"

"मशीन की," सुभाष म्हणाला.

पन्नास मिनिटांनी आजी थांबली आणि पाणी प्यायली. काट्यावर बेचाळीस टक्के झाले होते. भूपेशने घाईने गाडी चालू केली, पण आजी बसेना.

"देव इथं बोलावलेत. त्यांना गोदामात सोडून जाऊ? मागं बसव त्यांना."

आता हिच्याशी वाद घालायचा, तर तेवढ्यात हळदीचा मुहूर्त जाणार. भूपेशने मुकाट्याने मागची फळी उघडली. आजीने नावं घेत सतरा देव चढवले. "काल्हेरच्याला पुढं घे. मागं बसला की त्याला गाडी लागते," असंही तिने सांगितलं.

भूपेश जपून निघाला. खड्डा आला की गाडी हळू करायचा. आधी त्याने ते आजीसाठी केलं. पण वाटेतलं मैंदे गाव मागे पडल्यावर आपण नेमकं कोणाला जपतोय, ते त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

दिवेलागणीला तो अंबाडीत पोचला. मांडवाच्या तोंडाशी मामांचा डिझेल टेम्पो आडवा उभा होता आणि मामा बोलायला तोंड उघडून तयारच होते. भूपेशने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो उतरला, त्याने आजीला हात देऊन उतरवलं, मागची फळी उघडली आणि रिकाम्या टेम्पोसमोर हात जोडून बाजूला उभा राहिला. आजीने पुन्हा धवळा धरला आणि एकेका देवाचं नाव गात त्याला खाली उतरवू लागली.

मामांनी टेम्पोत वाकून पाहिलं. आत गोधडी होती, बाकी काही नाही. पाच देव उतरले. मग मामांनी टोपी काढून खिशात घातली आणि आपला टेम्पो मागे घेऊन मांडवाची वाट मोकळी केली. पाटावर बसलेल्या दिशाच्या कपाळाला पहिली हळद लागली, तेव्हा बारावा देव उतरत होता.