पेल्याच्या काठावर आलेली फरशी

जोतं : दोन हात खोल

शिवकांताचा डावा पाय लहानपणीच तापात लुळा पडला. घरातल्या फरशा वरखाली झालेल्या. त्यांना अडखळून ती दोनदा पडली. म्हणून नवऱ्यानं, गुरुपादप्पानं, घराला लागून नवी खोली काढली. अट एकच. जमीन सपाट हवी. काँक्रीटचा कोबा.

त्याखाली काय भरायचं?

मुरूम. पण लातूर नुकताच जिल्हा झालेला. मुरमाचे सगळे ट्रक तिकडच्या नव्या कचेऱ्यांच्या पायाभरणीत रिते होत होते. निलंग्याकडं कुणी वळेना. गुरुपादप्पानं रानातली काळी माती दोन गाड्या भरून आणली आणि जोत्यात ओतली. दुष्काळानं तिची ढेकळं दगडासारखी झाली होती.

रान : मोजता आलं नाही

"पहारीनं फुटंना, अन् तू कच्ची म्हणतो," गुरुपादप्पा गवंड्यावर, विरूपाक्षावर, चिडला. "बापजाद्यांची माती हाय."

"बापजाद्यांनी तिच्यात जवारी पेरली, आप्पा. तिच्यावर कोबा न्हाई घातला."

विरूपाक्ष त्याला रानात घेऊन गेला. एका भेगेत त्यानं ओळंबा सोडला. पाच हात दोरी सरली. तळ लागला नाही.

दोघं वाकले. खालून गार हवा तोंडावर आली.

"एवढी जमीन गेली कुठं?"

"कुठं न्हाई. आकसून बसलीय. पाणी लागलं की फुगंल."

"फुगून फुगून किती फुगंल?"

पेला : अर्धा

विरूपाक्षानं पितळी पेला मागितला. ढेकूळ कुटून अर्धा पेला चोपून भरला. वर फुटक्या फरशीचा तुकडा ठेवला. आता पाणी हवं होतं, आणि टँकर चार दिवस आला नव्हता.

"माझ्या वाटचं घ्या," शिवकांता म्हणाली.

"अन् तू?"

"एक दुपार निघंल. पडून पडून लई झालं."

पेला : भरलेला

सकाळी तिनंच हाक मारली.

फरशीचा तुकडा काठाशी आला होता, एका अंगाला कलून. कुणी हात लावला नव्हता. गुरुपादप्पानं अंगठ्यानं दाबला. खाली जाईना.

तो दारात गेला. पुढं रान. त्याच्यापुढं दुसऱ्यांची रानं. मैलोगणती काळी जमीन, दम धरून पडलेली. हे सगळं उठणार होतं. घरं, झाडं, देवळं अंगावर घेऊन. दरसाल उठत होतं, आणि त्याला पंचेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

"जुन्या फरशा बी हिनंच उचलल्या," मागून शिवकांता म्हणाली. "अन् मी पायाला शिव्या देत बसले."

जोतं : पुन्हा रिकामं

"मुरूम आपल्याच गाडीनं आणतो," गुरुपादप्पा म्हणाला. "आठ-दहा खेपा. उशीर लागंल."

"लागू द्या."

काळी माती त्यानं परत रानात नेली. शिवकांताही गाडीवर बसून गेली. त्यानं पहिली पाटी भेगेत ओतली. दोघं कान देऊन थांबले.

आवाज आला नाही.

"अजून टाका," ती म्हणाली.