प्रत्येकाच्या डब्यातला घास

सोफे बनवणाऱ्या त्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली की कापड बेतायचं लांबलचक टेबल झटकलं जायचं आणि त्यावर पाच डबे एकदम उघडायचे. प्रत्येकाने प्रत्येकाच्या डब्यातला एक तरी घास घ्यायचा, हा तिथला शिरस्ता. घास नाकारणं म्हणजे रांधणाऱ्या हाताचा अपमान. सकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलेलं असलं तरी दुपारी एकमेकांचा घास चुकायचा नाही. निदान तोंडं भरलेली असेपर्यंत तरी भांडण थांबायचं.

कापड बेतायचं काम कात्रीताईचं. हे नाव तिला हातातल्या कात्रीमुळे पडलं की जिभेमुळे, यावर कारखान्यात दोन मतं होती. अलीकडे तिच्या तावडीत सापडले होते मास्तर. स्प्रिंगा बसवणारे, सगळ्यांत जुने कारागीर. गेला महिनाभर त्यांच्या डब्यातली भाजी अगदीच अळणी यायची.

"वहिनी रुसल्यात वाटतं, मास्तर," कात्रीताई म्हणायची. "मिठाची बरणी लपवून ठेवलीये तुमच्यापासून!"

सगळे हसायचे. मास्तरही हसायचे आणि सुताराच्या डब्यातलं लोणचं बोटं चाटून खायचे.

एका सकाळी मास्तर गिऱ्हाइकाकडे सोफा पोचवायला गेले असताना त्यांची बायको कारखान्याच्या दारात आली. घरी राहिलेला चष्मा द्यायला आले म्हणाली, पण तो देऊन झाला तरी तिचा पाय निघेना.

"ताई, एक विचारू? हे बाहेरचं काही खातात का हो?"

"बाहेरचं? छे! आम्ही सगळे डबेच आणतो. का बरं?"

"त्यांच्या किडन्या अधू झाल्यात. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. मी घरात मीठ आणायचंच सोडलं, मीही तसंच जेवते. तरी पायांची सूज काही उतरत नाही. असंच चाललं तर मशीनवर रक्त साफ करायची वेळ येईल म्हणाले. मलाच रागावले, तुम्ही पथ्य नीट सांभाळत नाही म्हणून." पिशवीचे बंद पिळत ती म्हणाली, "माझं कुठे चुकतंय, तेच कळत नाही बघा."

कात्रीताईच्या सगळं लक्षात आलं. महिनाभर आपण हसलो ते या बाईच्या हाताला. आणि मास्तर! आजार लपवायचा म्हणून बायकोला नावं ठेवू दिली, आणि कुणाचा घास मोडायचा नाही म्हणून चार डब्यांतलं मीठ रोज पोटात घातलं. तिला मास्तरांचा संताप आला. मग सुजल्या पायांवर उकिडवे बसून स्प्रिंगा ताणणारे मास्तर डोळ्यांपुढे आले आणि सगळा राग गळून गेला.

"तुमचं काही चुकत नाही, वहिनी," ती म्हणाली. "तुम्ही निर्धास्त घरी जा."

मास्तरांना तोंडावर बोलावं, तर उद्यापासून ते डबा घेऊन गोदामात एकटे बसतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी मास्तर निघून गेल्यावर तिने सुतार, पॉलिशवाला आणि शिलाईवाली या तिघांना फाटकाशी गाठून सगळं सांगितलं.

"मिठाशिवाय जेवण म्हणजे शिक्षाच की," सुतार कुरकुरला.

"तुझ्यापुरतं वरून घे. पण डब्यात नको. मास्तरांचे पाय बघितलेस का?"

"मग लोणचंही नको," सुतार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाच डबे उघडले. मध्ये बटणांची जुनी डबी होती, मिठाने भरलेली. लोणचं नव्हतं. मास्तरांनी कात्रीताईच्या डब्यातला घास घेतला, सावकाश चावला. मग सुताराच्या डब्यातला. मग पॉलिशवाल्याच्या, मग शिलाईवालीच्या. मान वर करायची कुणाची छाती होईना.

मास्तरांचा हात मिठाच्या डबीकडे गेला. त्यांनी डबी उचलली, क्षणभर हातात धरली आणि सुतारापुढे ठेवली. "घे. तुला लागेल."

शांतता कात्रीताईला कधीच सोसत नसे. "कशी झालीये आमची भाजी, मास्तर?"

"अळणी."

"मग आमच्याही घरी कुणीतरी रुसलंय वाटतं," ती म्हणाली. पण या वेळी कुणी हसलं नाही.

"ती रुसलेली नाही." मास्तर टेबलाकडे बघत बोलत होते. "कधीच नव्हती. मला मीठ बंद आहे. तुम्ही तिला हसायचात आणि मी गप्प बसायचो."

शिलाईवालीने त्यांचा डबा हळूच मध्ये ओढला आणि मीठ न घालता मोठा घास घेतला. मग पॉलिशवाल्याने. सुताराने तर दोन घेतले. डबा कात्रीताईपर्यंत आला तेव्हा तळाशी थोडीशीच भाजी उरली होती. तिने ती निपटून खाल्ली आणि रिकामा डबा मास्तरांच्या हातात दिला.

"वहिनींना सांगा," ती म्हणाली, "उद्यापासून भाजी जरा जास्त घाला. पुरत नाही."