पायांची गोळी

नव्याने मंजुरी मिळालेलं औषध रुग्णालयाच्या यादीत घ्यायचं की नाही, याचा अहवाल तिने लिहायचा आणि मग समितीने त्यावर वाद घालायचा, अशी पद्धत होती. कंपनीचे कागद ती इतके बारीक चाळायची की रुग्णालयाच्या औषध विभागात तिचं नाव ‘चाळणी’ पडलं होतं. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. एखादा तरुण डॉक्टर “माझ्या एका पेशंटला या औषधाने काय गुण आला म्हणून सांगू” असं सुरू झाला, की ती शांतपणे म्हणायची, “एका माणसावरून औषध मोजत नाहीत.”

सध्या तिच्या टेबलावर पायांची गोळी होती. दिवस कलला की पायांत वळवळ सुरू होते, आतून कुणी ओढतंय असं वाटतं आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, अशा त्रासावरची. हा त्रास तिने घरातच पाहिला होता. तिचे सासरे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सासूबाई गेल्यापासून ते मुलगा-सुनेकडेच राहायचे. जेवायला बसले तरी टेबलाखाली त्यांचे पाय आपटत असायचे. पाहुणे आले की हे मधूनच उठून गॅलरीत फेऱ्या मारायचे. झोपेचं तर नावच नको.

मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना ही नवी गोळी लिहून दिली. रुग्णालयात ती अजून मिळत नव्हती, म्हणून बाहेरच्या दुकानातून आणली. थोड्याच दिवसांत सासऱ्यांचे पाय शांत झाले. ते गाढ झोपू लागले, चेहऱ्यावर तजेला आला.

“सूनबाई, तुमच्या समितीला सांग, डोळे मिटून घ्या म्हणावं ही गोळी,” ते म्हणाले.

“डोळे मिटूनच घ्यायची असती तर मला पगार कशाला दिला असता, बाबा?”

ते खळखळून हसले. घरात कितीतरी दिवसांनी असं हसू ऐकू आलं होतं.

मग एक दिवस भिंतीवरचं घड्याळ टेबलावर आलं. सासऱ्यांनी ते उघडून त्याचे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते. या माणसाने आयुष्यात कधी दिवा बदलला नव्हता. वायरमन आला तरी हे दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. त्यामुळे सगळ्यांना गंमतच वाटली. घड्याळापाठोपाठ इस्त्री उघडली, मग मिक्सर. स्क्रू आकाराप्रमाणे लावायचे, पुन्हा विस्कटायचे, पुन्हा लावायचे.

“लागलाय छंद तर लागू दे,” तिचा नवरा म्हणाला. “आधी पाय आपटायचे, आता स्क्रू लावतात. आवाज तरी कमी होतो.”

ती हसली, पण तिच्या डोक्यात भुंगा शिरला. सासरे वस्तू उघडत होते, जोडत एकही नव्हते. जेवायला हाक मारली तर मान वर होत नव्हती.

“बाबा, हे जोडणार कधी?”

“जोडू की.” त्यांची नजर स्क्रूवरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली आणि पायांच्या गोळीचे कागद पहिल्यापासून काढून बसली. याच घराण्यातल्या जुन्या औषधांनी काही जणांना असली खुळं लावल्याचं तिने शिकताना वाचलं होतं. नव्या गोळीत तसं काही आढळलं नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. खोटं नसेलही ते. चाचणीतल्या लोकांना पाय कसे आहेत, झोप कशी आहे, मळमळतं का, असं सगळं विचारलं होतं. घरी दिवसभर काय करता, हे कुणी विचारलेलंच दिसत नव्हतं. आणि ज्याला आपलं काही बिघडलंय असं वाटतच नाही, तो तक्रार कशाला करेल?

ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. चहा मागवला आणि तो तसाच गार झाला. एका माणसावरून औषध मोजत नाहीत. तिचंच वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं होतं. आपण घाबरलोय म्हणून आपल्याला हे दिसतंय, की खरंच दिसतंय? शेवटी ती जिना उतरून मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. “सासऱ्यांवरून तू औषध पाडणार?”

“नाही. त्यांच्यावरून पाडता येणार नाही, म्हणूनच आले. तुमच्या बाकीच्या पेशंटना फोन करूया. पण त्यांना नाही, घरच्यांना विचारायचं.”

“लोक दुवा देतात गं मला या गोळीसाठी.”

“माझे सासरेही देतात.”

बाईंना ते पटलं नव्हतं, तरी दुपारी दोघी फोन घेऊन बसल्या. बहुतेक घरांतून चांगलंच ऐकू आलं. एका आजोबांनी तर नातवाच्या बारशाला येण्याचं आमंत्रण दिलं. तिला वाटू लागलं, आपण उगाच राईचा पर्वत केला. मग एका मुलीने सांगितलं, “आई कपाटातले सगळे कपडे काढते, घड्या घालते, मोडते, परत घालते. आम्ही म्हटलं, टापटीप वाढली.” पुढे एक बायको म्हणाली, की नवरा स्कूटर पुसत बसतो, पुसून पुसून रंग उडाला, हात धरला तर अंगावर येतो.

डॉक्टरीणबाईंनी फोन खाली ठेवला. “मी विचारलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दिवे लावलेले नव्हते. सासरे जमिनीवर बसले होते आणि त्यांच्यापुढे सासूबाईंचं शिवणयंत्र पसरलं होतं. चाक एकीकडे, पट्टा एकीकडे, बारीकसारीक भाग चादरीवर. त्या यंत्राला सासूबाई गेल्यावर कुणी हात लावला नव्हता. त्यावर धूळ बसली तर पुसायचे ते सासरेच.

ती त्यांच्याजवळ खाली बसली.

“मला हे उघडायचं नव्हतं,” सासरे म्हणाले. त्यांची बोटं अजून एका स्क्रूशी चाळा करत होती. “सकाळपासून स्वतःला सांगतोय, याला हात लावायचा नाही. पण हात शिवशिवतात गं. थांबतच नाहीत.”

“बाबा, हे तुम्ही करत नाही आहात. गोळी करतेय.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “मग पाय?”

तिने हळूच त्यांच्या बोटांतून स्क्रू काढून घेतला आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा, त्या म्हणाल्या, आणि कसं ते सांगितलं.

सकाळी ती समितीच्या अध्यक्षांकडे गेली आणि घरात हे औषध चालू आहे, हे सांगून टाकलं. अध्यक्षांनी तिला समितीच्या बैठकीत फोनवर कळलेलं मांडू दिलं. तिने त्या घरांचं सांगितलं, सासऱ्यांचं नाही. मग अध्यक्ष म्हणाले, “आता निर्णयाच्या वेळी तू बाहेर थांब. तुझ्यावर अविश्वास नाही, पण रीत आहे.”

रीत तिलाही मान्य होती. तरी बंद दाराबाहेर तिला उभं राहवेना. आतून आवाज चढत होते, उतरत होते, शब्द कळत नव्हते. बाकावर बसली, उठली, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, आली. तिथल्या शिपायाने दोनदा पाणी विचारलं.

गोळी यादीत आली. जुने उपाय थकल्यावरच द्यायची, लहान मात्रेत द्यायची, आणि दर भेटीला घरच्यांना विचारायचं, अशा अटींवर. बाहेर आल्यावर समितीत बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा दंड धरला. “तू आत असतीस तर काय म्हणाली असतीस?”

“मला नाही माहीत,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

मात्रा कमी होत गेली तशी सासऱ्यांच्या हातांची शिवशिव ओसरली. शिवणयंत्र नवऱ्याने दुरुस्तीवाल्याकडून जोडून आणलं. ते चालतं, फक्त मधे एखादा टाका सोडतं. पायांची वळवळ मात्र परतली. पूर्वीइतकी नाही, पण परतली. एखाद्या संध्याकाळी सासरे तिच्यावर चिडतात, “बरी होती की पूर्ण गोळी.” मग स्वतःच उठून शिवणयंत्र पुसायला जातात. ती ऐकून घेते. वाद घालायला तिच्याकडे आकडे आहेत, पण ते पाय काही तिचे नाहीत.

परवा जेवण अर्ध्यावर टाकून ते उठले आणि गॅलरीत गेले. तीही हात धुऊन मागोमाग गेली. दोघं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले.

“आता कुठलं वाचतेयस?” त्यांनी विचारलं.

“डोकेदुखीवरचं. नवीनच आलंय.”

“चांगलं आहे?”

“अजून कळत नाही,” ती म्हणाली, आणि त्यांच्या चालीशी चाल जुळवून पुन्हा वळली.