लिफ्टच्या तेलातलं सोनं

गच्चीवर लिफ्टच्या यंत्राच्या खोलीपुढे नुसती झुंबड उडाली होती. यंत्राच्या पेटीतून काळपट तेल बाटल्यांत पडत होतं आणि बाटली उन्हात धरली की त्यात चक्क सोन्याचे कण चमकत होते! कुठूनसे उगवलेले तेलमहाराज डोळे मिटून सांगत होते, "हे तेल नव्हे बाळांनो, हा सुवर्णरस! गुडघ्याला लावा, दुखणं पळेल. कपाळाला लावा, दारिद्र्य पळेल."

"आणि डोक्याला लावलं की अक्कल," धाकटी सून पुटपुटली. सासूबाईंनी डोळे वटारले.

सासूबाई सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहत. गुडघे केव्हाच रुसलेले; लिफ्ट होती म्हणून त्यांना जग दिसायचं. रांगेत सर्वांच्या पुढे घुसून त्यांनी बाटली पटकावली होती. सून तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. "डॉक्टर माणसाचं रक्त तपासतात, तसं मी यंत्राचं तेल तपासते," ती सांगे. एवढी शिकून पोर तेलात गेली, असं सासूबाईंना वाटे.

"आई, चोळण्याआधी त्यातलं चमचाभर मला द्या," घरी आल्यावर सून म्हणाली.

"देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची नाही, तेलाची."

दुसऱ्या दिवशी ती आली ती जिने चढून, धापा टाकत. "आई, लिफ्टमध्ये पाऊल टाकू नका!" एवढं सांगून थेट गच्चीवर. कठड्याला धरून, कण्हत सासूबाईही मागोमाग.

सुनेनं काचेची बशी पुढे केली. "महाराज, तेल धुऊन हे कण गाळलेत. सोनंच ना?"

"शंभर नंबरी!"

तिनं वर ॲसिडचा थेंब टाकला. कण फसफसले, थेंब हिरवानिळा झाला.

"सोन्याला या ॲसिडनं ढिम्म काही होत नाही. हे कासं आहे, तांबं आणि कथिल मिसळलेलं. या पेटीतल्या काशाच्या दातेरी चाकावर आपली लिफ्ट चालते, आणि ते चाक झिजतंय."

"मग सोनं रोज वाढतं कसं?" सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं.

"तुम्ही रोज तेल काढता म्हणून! तेल कमी झालं की चाक जास्त घासतं, जास्त घासलं की जास्त चमकतं."

"चाकाला माझा आशीर्वाद आहे!" महाराज गरजले.

"मग तुम्हीच बसा लिफ्टमध्ये," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही इथून बघतो."

महाराजांनी कफनी सावरली आणि जिना गाठला.

लिफ्ट बंद करून बोलावलेल्या मेकॅनिकनं पेटी उघडली. चाकाचे दाते झिजून पात्यासारखे पातळ झाले होते. सकाळीच बाळाला घेऊन लिफ्टनं आलेली शेजारीण तडक बाळाकडे धावली.

"चमकलं की हात जोडता," सून म्हणाली, "त्याआधी एवढंच विचारा, हे आलं कुठून आणि आहे कशाचं? तपासून बघायला कुणाची परवानगी लागत नाही."

नवं चाक बसेपर्यंत सासूबाई घरातच अडकल्या. एकदा शेजारीण वर चढून आली, गुडघ्यांसाठी कुठलंसं रामबाण चूर्ण घेऊन. सासूबाईंनी पुडी हुंगली आणि सुनेला हाक मारली, "अगं, तुझी ती बशी आण बघू!"