समस्त गाव, चूलबंद

माझे वडील, अण्णा, मळवलीच्या शाळेत गणित शिकवायचे. विश्वसंचाच्या धड्याला वेन आकृतीत आधी चौकट काढायला लावायचे. "वर्तुळं नंतर. 'सगळे' म्हणण्याआधी विचारा, कुठल्या चौकटीतले?"

गावच्या भंडाऱ्याला दरवर्षी पप्पूची रिक्षा भोंगा लावून फिरते: "समस्त गावाला चूलबंद आमंत्रण." त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी देवळापाशी जेवायचं. रिक्षा ओढ्यापाशी वळते. पलीकडे आमची बौद्ध वस्ती. त्या दिवशी अण्णा मुद्दाम स्वतः पिठलं करत. म्हणत, "पुकारा खोटा नाही. त्यांची चौकटच ओढ्यापर्यंत आहे."

अण्णा गेले. पुण्यानुमोदनाच्या जेवणाचं ठरत होतं. सुहासकाका म्हणाले, "आपल्यातल्या सगळ्यांना सांगू."

"समस्त गावाला सांगायचं. चूलबंद," मी म्हटलं.

"शुभदा, कोणी येणार नाही. अण्णांची शोभा होईल."

"नाही आले तर नाही. आपल्या 'सगळ्यां'त ते आहेत, एवढं त्यांना ऐकू जाऊ दे."

मी पप्पूला बोलावलं. त्याने डोकं खाजवलं. "ताई, समस्त म्हंजी ओढ्याच्या हिकडचं ना?"

"दोन्हीकडचं. पहिला पुकारा देवळापुढं."

"तितं मला शिव्या बसतील."

"मी शेजारी बसते. निम्म्या निम्म्या घेऊ."

देवळापुढे माइक मीच घेतला. अण्णांच्या नावाआधी कालकथित म्हणायला जीभ वळली नाही. नुसतं भिकाजी गुरुजी म्हटलं. उद्या समस्त गावाला चूलबंद आमंत्रण.

पारावरून कोणीतरी म्हणालं, "आता हे आपल्याला जेवू घालणार."

"व्हय," पप्पू म्हणाला, "आन् तुमी बुंदी मागून घेणार."

कोणी हसलं नाही. मी पुकारा पुन्हा दिला, आधीपेक्षा सावकाश.

वस्तीत फिरून झाल्यावर पप्पूने भोंगा बंद केला. "झालं समस्त गाव."

मी डोंगराकडे पाहिलं. "ठाकरवाडी?"

"तितं रिक्षा चढत न्हाई."

"मग ही चौकट तुझ्या रिक्षाची झाली." मी उतरले आणि चालत निघाले.

वर पहिलं घर विठाबाईचं. ती भाकरी थापत होती.

"मावशी, उद्या अण्णांच्या नावाचं जेवण आहे. चूल पेटवू नका."

"आमाला बी धरलंय व्हय?"

"धरलंय."

"देवळापाशी सांगितलंस?"

"सांगितलं."

"येतील?"

"माहीत नाही. भात सगळ्यांचा टाकणार."

तिने भाकरी उलटली. "मग सकाळी येते मी, तुजी चूल पेटवायला. समस्त गावाचा भात एकटीनं व्हायचा न्हाई."