ईदच्या दिवशीची बंडी

१९२६ची रमजान ईद ऐन उन्हाळ्यात आली. त्या दिवशी मला क्रांतिकारकांचे पिस्तूल लपवून मंगरूळपीरला पोचवायचे होते. मलमलच्या सदऱ्यातून ते दिसले असते.

"कोट घालू का?" मी शफीक शिंप्याला विचारले.

"या उन्हात? शिपाई म्हनन, गुरुजीले ताप आला." त्याने सैल खादीची बंडी शिवून आतून खिसा लावला. "पन ईद हाय. कोनी गळाभेट घेतली तं लोखंड लागन त्याच्या छातीले. मंग तुमी बी फासावर अन् मी बी."

वाटेतल्या दर्ग्याजवळ सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. ओळखीच्यांनी मला अदबीने सलाम केला आणि ते पुढे गेले. कदाचित माझेच हात पुढे झाले नसतील.

पिस्तूल सुखरूप पोचले. परतताना खिसा रिकामा होता; आता कोणी गळाभेट घेतली तरी भीती नव्हती. मी मुद्दाम दर्ग्यावरूनच आलो आणि गर्दी पांगेपर्यंत तिथे उभा राहिलो.